सात नंबरचं बेअरिंग

आमच्या मासळीच्या कारखान्यात बेअरिंग तीन महिन्यांवर टिकत नाही. खारं पाणी, बर्फ, रोजची गरम पाण्याची धुलाई. स्टीलसुद्धा हात टेकतं.

मासळी वाहून नेणाऱ्या सात नंबरच्या पट्ट्याचं बेअरिंग मात्र मी इथे आल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, चाललंय. त्याचं श्रेय मी बिनदिक्कत घेतो. दर सोमवारी बाहेरून ग्रीस भरायचं, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या झाकणावर टेकवायचं आणि त्याच्या मुठीला कान लावून ऐकायचं. आवाज गुळगुळीत असेल तर उघडायचं नाही, हा माझा नियम. माझा कान आजवर एकदाही चुकलेला नाही.

आज सकाळी सुपरवायझर बाई म्हणाल्या, "फिटरदादा, सगळ्या पट्ट्यांना या सात नंबरसारखीच बेअरिंगं मागवायचीत. त्यावरचा नंबर तेवढा वाचून द्या."

मी पट्टा बंद केला, स्विचला माझं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ते झाकण उघडलं.

आत ताजं ग्रीस होतं. ते पुसलं. खाली बेअरिंग नव्हतं. कडं नाही, एक गोळीसुद्धा नाही. नुसता चकचकीत दांडा, मोकळ्या जागेत, कशालाही न टेकता.

"मिळाला का नंबर?" बाईंनी मागून विचारलं.

"बघतोय," मी म्हणालो आणि सवयीने स्क्रूड्रायव्हर टेकवून कान लावला.

पट्टा बंद होता. आत तोच गुळगुळीत आवाज फिरत होता.

मग, आपलं बोलणं कुणीतरी ऐकतंय हे कळल्यावर माणूस गप्प होतो ना, तसा तो थांबला.