मेघपरण

“बुवा, आटपतं घ्या. बाहेर आभाळ फाटलंय, त्यात तुमचं काय ऐकू येणार?” आप्पासाहेब म्हणाले आणि लोडाला टेकून त्यांनी डोळे मिटले.

शनिवार पेठेतल्या त्या सरदाराच्या वाड्यात भरदुपारी समया लावाव्या लागल्या होत्या. दसरा तोंडावर आला तरी परतीचा पाऊस हटायला तयार नव्हता. वारा असा सुटला होता की दिवाणखान्याची दारं, खिडक्या, सगळं घट्ट लावून घेतलं होतं.

यज्ञेश्वरबुवा वाईहून आले होते. आप्पासाहेबांच्या देवळात पखवाजाची सेवा मिळाली तर बायकोमुलांना पुण्यास आणायचं आणि एका जागी राहायचं. नाही मिळाली तर पुन्हा गावोगाव हिंडायचं. दसऱ्याला आप्पासाहेब मोहिमेवर निघणार होते. तेव्हा जे काय व्हायचं ते आजच.

बुवांनी पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापली आणि मेघपरण धरलं. मेघपरण म्हणजे पखवाजावर वाजवायचं वादळ. काय वाजवलं म्हणून सांगावं! उजव्या बोटांखाली आधी चुकार थेंब पडले, मग सर आली, मग झोड. डावा तळवा कणकेवरून सरकला की लांब कुठेतरी ढग गुरगुरत. मध्येच अशी थाप पडे की ऐकणाऱ्याचा हात आपोआप छातीकडे जावा. बाहेर मेघ, आत पखवाज, कोणी कोणाला हार जाईना. असा हात पुण्यानं पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता. पण हे आप्पासाहेबांना सांगणार कोण? ते कपाळाला आठ्या घालून बसले होते.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे न उघडताच हात वर केला.

“पुरे. राग मानू नका बुवा, पण आमच्या कानांत नुसता पाऊस आणि गडगडाट शिरतोय. तुमचं एक अक्षर वेगळं निघेना. पुढच्या खेपेस उघडीप बघून या.”

वाद न घालता बुवांनी पखवाजावरून हात काढले.

दिवाणखाना गप्प झाला. आप्पासाहेब पुढच्या गडगडाटाची वाट पाहत राहिले. तो येईना. कौलांवर पाऊसही वाजेना. ते उठले आणि त्यांनी स्वतः दार लोटलं.

चौकात लख्ख ऊन पडलं होतं. त्यांच्या पत्नी मथुराबाई मोलकरणीकडून साचलेलं पाणी काढून घेत होत्या.

“पाऊस कधी थांबला?”

“घटका होऊन गेली की,” मथुराबाई म्हणाल्या. “इकडे कळलं नाही?”

बुवाही दाराशी येऊन त्या उन्हाकडे बघत राहिले. वाजवणाऱ्याला तरी कुठलं भान असायला!

आप्पासाहेब त्यांच्याकडे वळले.

“बुवा,” ते म्हणाले, “वाईहून मंडळींना कधी आणता?”