आबा सोडायचे ते पान

आबांनी बोट जिभेला लावलं आणि दोन पानं एकदम उलटली.

"मग कोकरू एकटंच नदीकडं निघालं," ते वाचू लागले.

"आणि म्हातारी मेंढी?" ईश्वरीनं विचारलं.

"ती... ती येत असंल मागनं. पाय दुखत हुतं तिचं." आबांनी घसा खाकरला. "ऐक की गप. कुठवर आलतो आपण?"

"नदीपर्यंत."

स्वयंपाकघरात कणीक मळणाऱ्या त्यांच्या लेकीचे, संयोगिताचे हात थांबले. पुस्तक तेच होतं, पान तेच होतं, आणि घसा खाकरणंही तेच. ती ईश्वरीएवढी होती तेव्हापासून आबा ते पान असंच सोडत आले होते. तिनं ते तेव्हाच वाचलं होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. आज सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. पण पोळ्या व्हायच्या होत्या, गणवेशाला इस्त्री करायची होती. राहिलं.

सकाळी आबा बाथरूमच्या दारात पडले. मिरजेच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

ईश्वरी शाळेत होती. शाळेतून तिला शेजारच्यांनीच आणलं आणि अंत्यविधी होईपर्यंत त्यांच्याच घरी ठेवून घेतलं. माण तालुक्यातून आलेल्या आबांच्या बहिणीनं, लीलाआत्यानं संध्याकाळी तिला मांडीवर घेतलं. "आबांना दवाखान्यात ठेवलंय. बरं वाटलं की येत्याल."

"बरं," ईश्वरी म्हणाली. नंतर तिनं काही विचारलं नाही. ती आत आली की बायका बोलायच्या थांबत. मग ती बाहेर जाऊन पायरीवर बसे.

संयोगिता थकली होती. येणारा प्रत्येकजण विचारायचा, कसं झालं? ती प्रत्येकाला सांगायची, काही त्रास नव्हता, एकदम गेले. शेजारून आलेलं पिठलं-भाकरी कुणीतरी पुढ्यात ठेवायचं, कुणीतरी ताट उचलायचं.

राख सावडून पुरुष माणसं परतली, त्या दुपारी आत्यानं ठरवून टाकलं. "उद्यापास्नं गावाकडची माणसं येत्याल. रडारड हुईल. पोर भेदरंल. वीरधवल विट्याला निघालाय, त्येच्यासंगं तिला मामांकडं धाडू. दिवस झालं की आण."

वीरधवल संयोगिताचा मामेभाऊ. तो मान हलवून गाडी वळवायला गेला. संयोगिता नाही म्हणाली नाही. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं. ती आतल्या खोलीत जाऊन फ्रॉक घड्या करू लागली.

ईश्वरीनं पुस्तक पिशवीत ठेवलं. परत काढलं.

"आई, हे वाच ना. मधलं पान वाच. आबा ते वाचतच नव्हते."

"तुला काय माहीत?"

"मला वाचता येतं की आता. दिवाळीतच वाचलंय मी."

"मग रोज त्यांना मेंढीचं का विचारायचीस?"

"मी बघायचे, आज तरी सांगतात का." तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "त्यांचा आवाज कसातरी व्हायचा गं. मग म्हटलं राहू दे."

"तू वाचलंस तेव्हा रडलीस?"

"थोडी. नंतर परत परत वाचलं. मग नाही रडू आलं."

संयोगितानं फ्रॉक बाजूला ठेवला आणि पुस्तक मांडीवर घेतलं. तिनं मोठ्यानं वाचलं.

"सकाळी म्हातारी मेंढी उठली नाही. कोकरानं तिला हुंगलं, ढुशी दिली. ती गार पडली होती. ती मेली होती. ऊन वर येईपर्यंत कोकरू तिच्याजवळ बसून राहिलं. मग त्याला भूक लागली."

दोघी चित्राकडे बघत राहिल्या. चित्रात फक्त माळ होता आणि दोन ठिपके.

"आबा दवाखान्यात नाहीत ना?" ईश्वरीनं विचारलं.

"नाहीत."

"मेले?"

"हो."

"गार होते?"

"हो."

ईश्वरीनं चित्रातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "मला बसायचं होतं त्यांच्याजवळ."

संयोगितानं तिला जवळ ओढलं. ईश्वरी हुंदके देऊ लागली. तेवढ्यात आत्या दारात आली.

"झालं का न्हाई तुमचं? त्यो गाडी सुरू करून थांबलाय. आणि ही का रडाय लागली? काय सांगितलंस तिला?"

"ती जायची नाही, आत्या."

"येडी का काय तू? एवढुशा पोरीला आसलं काय सांगत्यात व्हय? तुझी आई गेली तवा तुलाबी विट्यालाच ठेवलंतं की. चांगली म्हैनाभर. आंब्याचं दिस हुतं. खाल्लंस, खेळलीस. तुला कळलंबी न्हाई."

बाहेर वीरधवलनं हॉर्न वाजवला. संयोगितानं मान वर केली नाही. ईश्वरीच्या पाठीवरून तिचा हात फिरत राहिला.

"कळलं होतं," ती म्हणाली. "आबांना वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही. माझी आई मेली होती, आत्या. मलाही तिच्याजवळ बसायचं होतं."