चंपतरावांचा अंदाज

काटोलात संत्र्याच्या पेट्या भरणाऱ्या बायकांना सरासरी तीन रुपये रोज मिळतो, असा चंपतरावांचा अंदाज बाहत्तर साली सरकारी अहवालात छापून आला. नागपूरच्या कचेरीत तो कुणालाच पटेना. शेवटी वर्षभरानं साहेबांनी त्यांनाच यष्टीत बसवून फेरतपासणीला धाडलं. गोदामात त्यांनी एकेकीला विचारलं. सगळ्याजणी तीनच म्हणाल्या. चंपतरावांची छाती फुगली. पहिल्या पाहणीत भरलेल्या जुन्या फॉर्मात अंजनाबाईच्या नावापुढं मात्र चार लिहिलेले होते.

"अंजनाबाई, मागच्या साली तुम्ही चार काहून सांगितले?"



"तवा चारच भेटत होते, साहेब. मंग सेठनं तुमचा छापील कागद दाखवला, म्हणे सरकारी रेट तीनच हाये."