सात नंबरचा पॅड

सुधाकरनं मेणकागदाचा कोपरा उचलला, धातू घासायचा स्क्रेपर आत सारला आणि एकदाच जोर लावून ओढला. मऊ धातू चुरचुरला. कागद होता तसा बसवून त्यानं पॅडला तारेनं बांधलेला पत्र्याचा बिल्ला पुन्हा एकदा पाहिला. सात. सात म्हणजे भूषण. त्याचा स्वतःचा सहा नंबर शेजारीच कागदात गुंडाळलेला, सुखरूप. दहा वाजले होते आणि सगळं वर्कशॉप बाहेर गेटपाशी पोहे खात उभं होतं.

एवढ्याशा ओरखड्यानं काय होतंय, असं तुम्ही-आम्ही म्हणू. पण धरणावरच्या वीजघरात टर्बाइनचं सगळं धूड असल्याच आठ पॅडांवर तोलून फिरतं. मध्ये असतो फक्त केसाएवढा तेलाचा थर. ओरखडा पडला की थर तुटला, आणि थर तुटला की धातू वितळलाच म्हणून समजा. म्हणून पॅडचं तोंड हातानंच घासायचं, आणि घासून झालं की कागदात बांधायचं. तपासणी होईपर्यंत ते कुणी उघडायचं नाही, खुद्द मालकानंसुद्धा नाही. सांवेर रोडवरच्या या वर्कशॉपची ही जुनी शिस्त. ती सगळ्यांच्या अंगी मुरवली होती सुधाकरनंच.

घिसाई करणारे दोघंच. अठ्ठावन्न वर्षांचा सुधाकर, आणि त्यानंच हाताला धरून शिकवलेला छत्तिशीचा भूषण. काम घटलं तेव्हा मालक पियुषजींनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि बिस्किटांची बशी पुढं सरकवत म्हणाले, "देखो भिया, आता एकच माणूस ठेवता येईल. सहा नंबर सुधाकरजी घासतील, सात भूषण. ज्याचा पॅड सरस, तो राहणार." कोंबड्यांची झुंज लावावी तसा प्रकार. आणि बोलताना माणूस हसत होता हो.

सुधाकरला कुठलं हसू येणार? बायको शांता आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर, तेही कंपनीच्या विम्यावर. नोकरी गेली की विमा गेला, आणि विमा गेला की शांता गेली. त्यात वर्षभरापासून त्याचा हात थरथरायला लागलेला. आज तिला दवाखान्यात पोचवून तो साडेनवाला आला, तर भूषण केव्हाचा हजर. "काका, चहा झाला का?" म्हणून विचारतोय वर. सुधाकरला तो टोमणाच वाटला. ज्याला पोटच्या पोरासारखं शिकवलं तोच मुळावर उठलाय, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. एकदा मनात पाप शिरलं की कारणं आपोआप सापडतात.

अकराला वीजघराच्या इंजिनियर निधी मॅडम तपासणीला आल्या. सपाट लोखंडी प्लेटवर निळा रंग फासला गेला. पॅड त्यावर पालथा घालून सरकवायचा आणि उलटा करून पाहायचा. जिथं टेकला तिथं निळे ठिपके उठतात. ते जितके दाट आणि सारखे, तितका घासणाऱ्याचा हात चांगला. सहा नंबर झाला.

"ठीक आहे. पास," मॅडम म्हणाल्या. एवढंच.

सुधाकरचा जीव भांड्यात पडला. सात नंबर उचलला तेव्हा मात्र त्यानं तिकडं पाठ केली आणि क्रेनची साखळी न्याहाळत बसला. पाठीमागून मॅडमचा आवाज आला.

"अरे, ही घिसाई बघा. इतके पॅड तपासले मी, असा हात नाही बघितला. सहा नंबर याच्यासमोर काहीच नाही." मग त्या जरा थांबल्या. "पण हा ओरखडा? खूप खोल आहे हा. सॉरी, रिजेक्ट."

सुधाकरच्या काळजात कळ उठली. ओरखड्याची नव्हे, कौतुकाची. चेला गुरूच्या पुढं गेला होता तर. मग केलं तेच बरं केलं, असं त्यानं स्वतःला बजावलं. नाहीतर आज यानं आपल्याला धूळच चारली असती. लाज वाटायची ती राहिली बाजूला, गड्याला चक्क हलकं वाटलं.

पियुषजींनी उभ्या उभ्या निकाल लावला. भूषण एका शब्दानं भांडला नाही. कुणी काही केलं का, असा संशयसुद्धा घेतला नाही. त्यानं हत्यारं पिशवीत भरली, सगळ्यांना हात जोडले आणि स्कूटरपाशी गेला. सुधाकरही मागोमाग गेला. चारचौघं बघत होते, न जाणं बरं दिसलं नसतं.

"लागशील रे कुठंतरी," तो म्हणाला. "वय आहे तुझं."

"तेच मी काल घरी बोललो." भूषण किक मारता मारता थांबला. "काका, रागावू नका, पण सांगून जातो. तुमचा हात थरथरतो, म्हणून मला भीती वाटत होती. काकूंचा विमा जायला नको होता. माझा पॅड तुमच्या नावावर जावा म्हणून सकाळी तुम्ही यायच्या आत मीच दोघांचे बिल्ले बदलून ठेवले. मला वाटलं, पॅड उघडल्यावर तुम्ही आपली घिसाई ओळखाल, पण तुम्ही तर बघितलंच नाही. ओरखड्याचं मनाला लावून घेऊ नका, हात सटकला असेल. पण मॅडम जिचं एवढं कौतुक करत होत्या ना काका, ती घिसाई तुमची होती."