सीलबंद डबे

"मॅडम, आमचा डबा आजच फोडू द्या ना!" रेवती कपाटासमोर हटून बसली होती. "आगीत जळालेल्या वाडीतली माणसं समाजमंदिरात नुसत्या फरशीवर झोपतायत. एक बाई तर दीड महिन्याचं बाळ पदराखाली घेऊन बसलीये. निदान तिच्यापुरती दोन ब्लँकेटं तरी नेऊन देतो."

कुंभार मॅडम हसल्या. वाडीसाठी निधी गोळा करायची ही चार गटांची स्पर्धा त्यांनीच आखली होती. कुणाचे किती जमले ते रविवारच्या कार्यक्रमापर्यंत कळायचं नाही, म्हणून डब्यांना लाखेचं सील. त्यामुळेच तर पोरं ईर्ष्येला पेटली होती.

"चार दिवसांनी काय बिघडतंय? आणि तुम्ही फोडलात, तर बाकीचे गप्प बसतील का गं?"

रेवती शहाणी मुलगी. मुकाट्यानं उठली.

शनिवारी सकाळी घरी आपल्या तान्ह्याला कानटोपी घालताना मॅडमना फोन आला. त्या बाईचं बाळ पहाटे गारठून दगावलं होतं. टोपीची नाडी काही केल्या त्यांच्याने बांधवेना.

पाहुणे ठरलेले, तेव्हा रविवारी डबे फुटलेच. रेवतीचा गट पहिला आला. टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या. ट्रॉफी घ्यायला मात्र ती जागची हलेना. शेवटी मॅडमच स्टेजवरून उतरून तिच्यापाशी गेल्या आणि खांद्यावर हात ठेवला.

वर्गात शंका विचारावी, तशा आवाजात तिनं विचारलं,

"मॅडम, मी तेव्हा तुमचं ऐकायला नको होतं ना?"