आळीची डावी बाजू

"डावी बाजूच का पाडली, काका?" कासार आळीचा इतिहास लिहिणाऱ्या केतकीने विचारलं. रस्ता रुंद करण्याआधी तिथली पाहणी अभियंता असलेल्या पेंढारकरांनीच केली होती.

"घरं धोकादायक होती," ते सवयीने म्हणाले.

"माझी आजी तिथलीच. ती सांगायची, साहेब येणार म्हणून तिने सरबत करून ठेवलं होतं. साहेब उंबऱ्याच्या आत आलेच नाहीत."

पेंढारकरांना पाहणीच्या दिवशी डाव्या बाजूवर पडलेलं कडक ऊन आठवलं. सावलीतल्या उजव्या बाजूची घरं त्यांनी आतून पाहिली होती. डावीकडची रस्त्यावरूनच धोकादायक ठरवली होती.

"आजी खरं सांगायच्या," ते म्हणाले. "तसंच लिही."

केतकीचं पेन थबकलं. "तुमचं नाव घालू?"

"घाल. आजींचंही घाल. काय नाव त्यांचं? मी तेव्हा विचारलंही नव्हतं."