बनूबाईचा बंब

“बंबाला बोट लावून तर बघ, मुडद्या!”

बनूबाई अंगणात बंबाला पाठ लावून उभी होती. हातात झाडू, पदर कमरेला खोचलेला. समोर पालिकेचा निरीक्षक राजरत्न, त्याच्या मागे चार हमाल आणि फाटकाबाहेर टेंपो. मोरिवलीची अख्खी आळी जमली होती. नळाला पाणी आलेलं असताना बायका हंडे सोडून आल्या, म्हणजे तमाशा साधा नव्हता.

तिची सून शीला स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर पदर धरून उभी होती. पदर लाजेचा नव्हता, सवयीचा होता. कारखान्यांतून येणाऱ्या खोक्यांच्या रंगवलेल्या फळ्या बंबात जळायच्या आणि तो कडू धूर थेट तिच्या खिडकीतून आत यायचा. आताशा श्वास घेताना तिच्या छातीत शिट्टी वाजे. डॉक्टर म्हणाला होता, धूर बंद करा, नाहीतर माझी औषधं गटारात ओता. तिच्या नवऱ्याने, अनंताने, ते आईच्या कानावर घातलं. बनूबाई म्हणाली, “आम्ही काय अत्तरात वाढलो?” विषय तिथेच मिटला.

पालिकेने त्या वर्षी, म्हणजे २००६ साली, बंब परत घ्यायची योजना काढली होती. लाकडावरचा बंब द्या, गॅसचा गिझर घ्या. कुणी राजीखुशीने दिला नाही आणि तक्रार आली, तर पालिका उचलून नेणार. गिझर मात्र तरीही मिळणार.

समोरच्या सखूने पहिल्याच आठवड्यात दिला. त्या दिवशी बनूबाईने भर आळीत तिची सालटी काढली. “अंघोळीला बटण दाबतेस काय गो? उद्या घास गिळायलाही बटण मागशील! ऐका सगळ्यांनी. ज्या दिवशी मी माझ्या हाताने बंब देईन, त्या दिवसापासून बनूबाई नाव लावणार नाही!”

बोलली म्हणजे बोलली. कारखान्यासाठी जमीन मागायला आलेल्या साहेबाला तिने एकदा ‘नाही’ म्हटलं, ते त्याचे केस पांढरे झाले तरी ‘नाही’च राहिलं. तिने शब्द फिरवलेला मोरिवलीत कुणी पाहिला नव्हता.

बंबही तिच्याच तोलाचा. जांभूळहून, माहेराहून आलेला. जाड तांब्याचा, पितळी तोटीचा. आळीतली प्रत्येक बाळंतीण त्याच्याच पाण्याने न्हाली होती.

“तक्रार आलीय, मावशी,” राजरत्न म्हणाला. मान खाली, ओठ घट्ट दाबलेले. “नियम आहे.”

“तुझा नियम घाल चुलीत!”

“चुलीत घालायलाही आता परवानगी लागते, बनूआजी,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

“पण एका बंबाला चार माणसं?” सखूने विचारलं. “माझा तर एकटाच खांद्यावर टाकून गेला.”

“तुझा पत्र्याचा होता गो, सखू. माझा नेताना कंबरा मोडल्या पाहिजेत यांच्या!” मग बनूबाई गर्दीकडे वळून गरजली, “कुणी लावली ही काडी? समोर या!”

सखूने पोरांची शपथ घेतली. बाकीच्यांनी माना हलवल्या. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा दारातल्या शीलाकडे वळल्या.

शीलाने पदर आणखी घट्ट धरला. तक्रार करावी असं तिच्या मनात आलं होतं, खोटं का बोला. पण केली नव्हती. आता ते कोण खरं मानणार? आणि सासूने नाही मानलं, तर या घरात राहायचं कसं?

“तिच्याकडे काय बघता?” बनूबाई कडाडली. “तिच्यात एवढी धमक असती तर मी तिला डोक्यावर घेऊन नाचले असते!”

लोक पुन्हा हसले. शीलाला हसावं की रडावं कळेना.

हमालांनी बंबाला हात घातला. बनूबाईचा झाडू हवेत गरगर फिरला, लागला मात्र कुणालाच नाही. बंब थंडगार होता. लाकडं ओली आहेत म्हणून आज तिने तो पेटवलाच नव्हता. आतली राख काढलेली, आणि वरून चिंचेने घासून असा लखलखीत केलेला की सखूला त्यात स्वतःचं तोंड दिसलं असतं.

“सांभाळून रे! पोचा पडला तर बघा. मला चष्म्याशिवायही दिसतो पोचा!”

चष्मा करायलाच ती सोमवारी ठेवणीतलं लुगडं नेसून अंबरनाथला गेली होती. रिकाम्या हाती परतली. दुकानदार लुटारू निघाला म्हणे.

बंब फाटकापाशी पोचला तेव्हा ती ओरडली, “थांबा!” घरातून कुंकवाचा करंडा आणून तिने तोटीच्या वर एक बोट टेकवलं. मग मान ताठ करून ती आळीकडे वळली.

“बघितलंत ना? बनूबाईने बंब दिला नाही. नेला! चार माणसं लागली, चार!”

“लागली, बाई, लागली,” सखू पुटपुटली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. तिचा बंब गेला तेव्हा साधं कुत्रंही भुंकलं नव्हतं.

बनूबाईभोवती बायकांचा गराडा पडला. तेवढ्यात शीला मागच्या बाजूने निघून टेंपोपाशी गेली. घाईघाईने चालल्यामुळे तिला धाप लागली होती.

“साहेब, तक्रार मी नाही केली. कुणी केली तेवढं आईंना सांगून जा. नाहीतर जन्मभर माझ्याकडेच बोट राहील.”

राजरत्न टेंपोच्या आडोशाला सरकला आणि इतका वेळ दाबून धरलेलं हसू त्याने एकदाचं सोडलं.

“सोमवारी आली होती एक बाई, वहिनी. ठेवणीतलं लुगडं नेसून. म्हणाली, ‘घरात पोरीचा श्वास कोंडतोय, लवकर ये.’ आणि दारातून परत फिरून मला दम दिला, ‘चार माणसं आण. आणि मी शिव्या घालीन तेव्हा हसलास तर याद राख, मुडद्या!’”